वाट पाहण्याची मुदत

“हे म्हशीचं न्हवं,” हौसाबाईंनी माझ्या डब्यातलं तूप हुंगलं आणि झाकण लावून डबा माझ्याकडे परत सरकवला.

अरुशात म्हशी पाळत नाहीत, मी म्हटलं. रानात आहेत, चांगल्या रेड्याएवढ्या, पण त्यांचं दूध काढायला गेलेला माणूस परत येत नाही. वाक्य तोंडातून गेलं आणि मी जीभ चावली. परत न आलेल्या माणसासाठीच तर या सासूसुना सांगली जिल्ह्यातून टांझानियात माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आल्या होत्या.

हौसाबाईंनी मनावर घेतलं नसावं. त्या परातीकडे वळल्या. हॉटेलातलं जेवण दोघींना जाईना म्हणून मी त्यांना घरी आणलं होतं, आणि आल्या त्याच दिवशी हौसाबाईंनी माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं. इथल्या बाजारात ज्वारीचं पीठ मिळतं हे मला जन्म इथे काढून ठाऊक नव्हतं, ते त्यांनी खुणा करकरून शोधून काढलं. त्या थापत होत्या आणि सून वैजंता भाजत होती.

“भाकरीवर थोडं तरी घ्या,” मी म्हटलं. “पाहुण्यांना कोरडी भाकरी वाढली म्हणून कळलं तर माझी आई दारेसलामहून येऊन माझे कान उपटेल.”

“त्यास्नी तूप सोसत न्हाई,” वैजंता तव्याकडे बघत म्हणाली. “लई वर्सं झाली सोडलंय.”

मी आग्रह केला नाही. डोक्यात दोन दिवसांवर आलेली सुनावणी होती, तूप नव्हतं.

माझे वडील मालवणचे. दारेसलामच्या कापड गिरणीत फिटर म्हणून आले आणि इथलेच झाले. मी लहानपणापासून भांडकुदळ, तेव्हा ही वकिलीच करणार हे घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. शिकून मी अरुशात मशाका नावाच्या वकिलांच्या हाताखाली लागले. आमच्या खंडाचं मानवी हक्कांचं न्यायालय याच गावात भरतं. एखाद्या देशाच्या सरकारनं माणसावर अन्याय केला आणि तिथल्या कोर्टांनी दाद दिली नाही, तर शेवटी इथे येता येतं. मशाकांचं सगळं आयुष्य त्या एका इमारतीत खेटे घालण्यात गेलं होतं. ते हौसाबाईंना इथल्या रिवाजाप्रमाणे ‘मामा’ म्हणत, म्हणजे आई. “ह्यो एवढा बाप्या मला मामा कशापायी म्हणतोय?” असं त्यांनी मला दोनदा विचारलं होतं. समजावल्यावर तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं.

त्यांचा मोठा मुलगा जालिंदर साखर कारखान्यात पॅनमन होता. रस किती आटला, दाणा केव्हा धरला, हे काचेवर थेंब घेऊन नजरेनं सांगणारा. सांगली-कोल्हापूरकडची अशी बरीच पोरं आफ्रिकेतल्या कारखान्यांवर येतात. हा ज्या देशात गेला त्याचं नाव मी लिहीत नाही, तिथे माझे इतर अशील अजून राहतात. जालिंदर तिथे असताना बंडाळी झाली. लष्करानं रस्त्यात कारखान्याची जीप अडवली, जालिंदरला खाली उतरवलं आणि ट्रकमध्ये चढवलं. जीपच्या ड्रायव्हरनं हे डोळ्यांनी पाहिलं. लष्कर म्हणालं, असा कोणी माणूस आम्ही कधी धरलाच नाही. तेव्हा वैजंताच्या लग्नाला पुरती तीन वर्षं झाली नव्हती.

तिथल्या एका संस्थेनं हौसाबाईंच्या वतीनं दावा लावला. तो खालच्या कोर्टातून वरच्या, वरच्यातून सर्वोच्च असा रखडत गेला आणि पुरावा नाही म्हणून निकालात निघाला. मग तो मशाकांच्या टेबलावर आला. जालिंदरला नेल्याला तोवर सोळा वर्षं उलटली होती.

लोकांना वाटतं, असलं मोठं कोर्ट पहिल्यांदा विचारतं की काय झालं. तसं नसतं. ते पहिल्यांदा स्वतःलाच विचारतं, हे विचारायचा मला अधिकार आहे का? तो देश आमच्या कराराला बांधलेला आहे का? माणसांनी थेट आमच्याकडे यावं, याला त्यानं मान्यता दिली आहे का? घडलं ते त्याच्या हद्दीत घडलं का? आधी तिथली कोर्टं करून झाली का? आणि घडलं केव्हा, मान्यतेच्या आधी की नंतर? ही सगळी दारातली चौकशी. ती पार पडली तरच माणूस घरात.

आमची गाडी अडली होती ती ‘केव्हा’वर. त्या देशानं या न्यायालयाला मान्यता दिली ती जालिंदरला नेल्यानंतर आठ वर्षांनी. आधीच्या गोष्टींना न्यायालयाचा हात पोचत नाही. पण मशाकांकडे याला उत्तर होतं, आणि ते काही त्यांनी एकट्यानं शोधलेलं नव्हतं. ते म्हणत, नाहीशा केलेल्या माणसाचा अन्याय एका दिवशी घडून संपत नाही. तो माणूस जिवंत किंवा मेलेला हाती लागेपर्यंत अन्याय रोज सकाळी नव्यानं घडतो. त्याचं माणूस वाट पाहतंय तोवर न्यायालयाचा हात पोचतो.

यावर सरकारी वकिलांनी जे उत्तर दिलं त्यानं माझी झोप उडाली होती. ते म्हणाले, हे कुटुंब वाट पाहतच नव्हतं. मुलगा नाहीसा झाल्यावर पाच वर्षांनी आईनंच त्याचे अंत्यविधी केले आणि ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद केली. म्हणजे अन्याय संपला तो तेव्हा, आमच्या मान्यतेच्या तीन वर्षं आधी. त्यांनी हिंदू रीतिरिवाजांच्या एका प्राध्यापकाचं मतही जोडलं होतं. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा, अशी चाल आहे. या आईनं निम्मी वर्षंसुद्धा काढली नाहीत. तिची खात्रीच पटली असली पाहिजे.

मुद्दा चोख होता, म्हणून मला त्याचा राग येत होता. बारा वर्षांची रीत असताना पाचच वर्षांत का उरकलंत, असं मी हौसाबाईंना तीनदा विचारलं. प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळालं. “झालं तवा. त्येचं काय आता.”

सुनावणीच्या आदल्या दिवशी सकाळी वैजंता माझ्या नवऱ्याबरोबर बाजारात गेली. तिला तिच्या मुलीसाठी इथलं काहीतरी घ्यायचं होतं. ही मुलगी धाकट्या दिराची. विधी झाल्यावर वर्षाच्या आत वैजंतानं त्याच्याशी, धोंडीरामशी, पाट लावला होता. विधवेचं असं दुसरं लग्न, तेही घरातल्या घरात, त्यांच्या समाजात चालतं. हे आमच्या अर्जात एका ओळीत होतं आणि मी त्या ओळीवर कधी थांबले नव्हते.

हौसाबाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि सरळ भांडायलाच सुरुवात केली. म्हटलं, मावशी, उद्या हेच विचारणार आहेत आणि ‘झालं तवा’ तिथे चालायचं नाही. विधी लोकांसाठी केला असेल, नोंद कागदासाठी केली असेल, पण मनातून तुम्ही वाट पाहत होतात की नव्हतात, एवढंच त्यांना कळायला हवं आहे. तुम्ही पाहत होतात, तर जालिंदरची केस उभी राहील आणि सरकारला उत्तर द्यावं लागेल. नसाल, तर दारातूनच परत.

त्यांनी हातातले खडे खिडकीबाहेर टाकले. मग ताट बाजूला ठेवलं.

“वाट बघत न्हवते तर तूप कशाला साठवलं आसतं?” त्या म्हणाल्या.

मला काही उमगलं नाही. मग त्यांनी सांगितलं. पानांचा माणूस जळून गेल्यावर त्या एकट्याच भटजींच्या मागे गेल्या होत्या आणि त्यांनी विचारलं होतं, महाराज, आणि हा उद्या दारात येऊन उभा राहिला तर? भटजी म्हाताराच होता, तो हसला नाही. म्हणाला, त्याचीही सोय आहे. ज्याचं सगळं करून टाकलं तो परत आला तर त्याला तसाच घरात घ्यायचा नाही, नव्यानं जन्माला घालायचा. अंगाला तूप चोळून बाळासारखा न्हाऊ घालायचा, बारसं करायचं, आणि बायको असली तर तिच्याशी नव्यानं लग्न लावायचं.

“तवापास्नं माझ्या वाटणीचं तूप मी खात न्हाई,” हौसाबाई म्हणाल्या. “कणगीमागं बरणी हाय, तिच्यात घालत्ये, जुनं झालं की देवाच्या दिव्याला काढत्ये. आता थोरला बाप्या हाय त्यो, त्येला काय वाटीभर पुरतंय? नाव बी काढून ठिवलंय.”

“काय नाव?”

“बारशाच्या आदी सांगत्यात व्हय कुठं?”

मी उठून त्यांना मिठी मारणार होते. आमची सगळी केस त्या बरणीत होती. ज्या विधीनं आमचं दार बंद केलं होतं, त्याच विधीत परत येणाऱ्यासाठी एक दार ठेवलेलं होतं, आणि ही बाई अकरा वर्षं त्या दारात बसून होती. मी तिथूनच मशाकांना फोन लावला. ते म्हणाले, “ही गोष्ट जगातल्या कुठल्याही न्यायाधीशाला कळेल.”

फोन ठेवून वळले तर हौसाबाई उभ्या होत्या.

“हे कोर्टात न्हाई सांगायचं,” त्या म्हणाल्या. “तुला म्हणून सांगितलं. तू सारखी इचारत हुतीस.”

“का नाही?”

“वैजंता बसणार न्हवं का तिथं?”

मग त्यांनी माझ्या त्या तीनदा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. जालिंदर नाहीसा झाला तेव्हा वैजंता विशीत होती. माहेरी जा म्हटलं तर गेली नाही. पाच वर्षं सासूच्या शेजारी उंबऱ्यात बसून राहिली. बारा वर्षं थांबले असते तर ती पस्तिशीला टेकली असती, आणि मग तिला कोण करणार होतं? रीतभात तिला उमर परत देणार होती का? पण नवरा जिवंत असेल या आशेवर ती दुसऱ्या कुणाला हो म्हणणार नव्हती. म्हणून एक दिवस हौसाबाईंनी तिला जवळ बसवून सांगितलं, पोरी, तो गेला.

“म्हणले, माझ्या आतड्याला कळलंय. आईच्या आतड्याला कळलं म्हणल्यावर तिनं इस्वास ठिवला. लई रडली आन मग पाटाला हुबी ऱ्हायली. धोंडी गुणाचा हाय, तिला फुलागत जपलंय त्यानं. आता मी उद्या चार लोकांत सांगू, की मी तवा बी वाट बघत हुते आन आज बी बघत्ये? मंग ती त्या घरात कशी नांदंल? रातच्याला त्येच्या शेजारी कशी झोपंल?”

मी वकिलासारखं बोलत राहिले. म्हटलं, दार लावून सुनावणी घ्या अशी विनंती करता येते, वैजंताला बाहेर बसवता येईल.

“आन निकाल? त्यो काय मुका आसतोय व्हय?”

निकाल छापला जातो, हे मला सांगावंच लागलं. त्यांनी मान हलवली, जणू माझी परीक्षा संपली होती.

“मग जालिंदरचं काय, मावशी?”

त्या खाली बसल्या. तांदळाचं ताट ओढून घेतलं, पण हात घातला नाही.

“मला वाटलं हुतं, ही मोठी मोठी माणसं सरकारला इचारतील, हिचा ल्योक कुटं ठिवलाय,” त्या म्हणाल्या. “म्हणून एवढ्या लांब आले, बाई. मलाच इचारत्याली, तू वाट बघत हुतीस का म्हणून, हे कुटं ठावं हुतं?”

मी ताट माझ्याकडे ओढलं आणि तांदूळ निवडू लागले.

वैजंता दोन खांगे घेऊन आली. इथल्या बायका अंगाला गुंडाळतात ती ही रंगीत कापडं, आणि प्रत्येकावर एक वचन छापलेलं असतं. एक मुलीसाठी होता. दुसरा तिनं सासूच्या खांद्यावर घातला आणि त्यावर काय लिहिलंय ते मला वाचायला सांगितलं. मी वाचलं, ‘आईसारखं कोण आहे?’ हौसाबाईंनी कापड चाचपून पाहिलं आणि रंग जाणार नाही ना, एवढं विचारलं.

मशाकांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, अशील नको म्हणतं ते आपल्याला तोंडातून काढता येत नाही. कायद्याचं तेवढं बोलू, आणि न्यायाधीश तिला काही न विचारोत अशी आशा करू.

सुनावणीला हौसाबाई नऊवारीवर तो खांगा घेऊन आल्या. त्यांचं बोलणं इंग्रजीत करायला दारेसलामचे निवृत्त शिक्षक रिसबूड शपथ घेऊन बसले होते. सरकारच्या वकील बाईंनी आत येताच हौसाबाईंना हात जोडून नमस्कार केला, तो कुठून शिकल्या कोण जाणे. त्या तासभर बोलल्या आणि एकदाही वाईट बोलल्या नाहीत. मशाका त्यांच्याहून सरस बोलले. विधी हा मेलेल्यांसाठी नसतो, मागे उरलेल्यांना गावात जगू द्यावं म्हणून असतो, आणि आईनं काय मानलं यावर सरकारची जबाबदारी ठरत नाही, असं ते म्हणाले. दोघा-तिघा न्यायाधीशांनी माना डोलावल्या. मला वाटलं, निभावलं.

मग अध्यक्ष असलेल्या न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. त्या वयानं हौसाबाईंच्याच बरोबरीच्या असतील.

“आई, तुम्हाला त्रास द्यायची इच्छा नाही,” त्या म्हणाल्या आणि रिसबूड मास्तरांनी ते मराठीत केलं. “तुम्ही त्याला अग्नी दिलात त्या दिवशी, मनातून, तुमची खात्री होती का की तो गेला?”

हौसाबाईंनी बाईंकडे पाहिलं नाही. मागच्या बाकावर वैजंता बसली होती, तिच्याकडे पाहिलं.

“व्हय,” त्या म्हणाल्या.

“आणि त्यानंतर कधी त्याची वाट पाहिलीत?”

त्यांनी खांगा छातीशी ओढून घेतला. मशाका टेबलाकडे बघत होते. माझ्या तोंडाशी ती बरणी आली होती, आणि मी दात आवळून बसले होते.

“न्हाई,” हौसाबाई म्हणाल्या. “मेलेल्या मानसाची वाट कोण बघतंय?”

रिसबूड मास्तरांनी जसंच्या तसं भाषांतर केलं. एकही शब्द चुकला नाही. न्यायाधीश बाईंनी आभार मानले आणि काहीतरी लिहून घेतलं. वैजंतानं मान खाली घातली होती आणि बाकाची कड दोन्ही हातांनी धरली होती. मला वाटलं, पहिल्या नवऱ्याच्या आठवणीनं रडते आहे.

निकाल पाऊसकाळ संपता संपता आला. घटना न्यायालयाच्या कालकक्षेबाहेरची आहे, सबब बाकीचे मुद्दे पाहण्याचं कारण उरत नाही. कुटुंबानं स्वतःच प्रतीक्षा संपवल्याचं आईच्या साक्षीवरून दिसतं. खाली असंही म्हटलं होतं, की या निकालाचा अर्थ घटना घडली नाही असा होत नाही. दोन न्यायाधीशांनी वेगळं मत दिलं होतं. वाट पाहणं असं मोजता येत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. पण दोन म्हणजे दोनच.

मी गावी फोन केला. हौसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजी सरकारला कायबी इचारलं न्हाई?”

“नाही, मावशी.”

“बरं,” त्या म्हणाल्या. मग माझ्या आईचे गुडघे कसे आहेत ते विचारलं.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी मी भारतात आले होते. कोल्हापूरला काम निघालं आणि कवठेमहांकाळच्या पुढचं त्यांचं गाव फार लांब नव्हतं. हौसाबाई त्याच वर्षी गेल्या होत्या. पत्र्याचं घर, दारात दोन म्हशी, अंगण सारवलेलं. वैजंताचे केस पिकू लागले होते. धोंडीराम शेतात होता, मुलगी कॉलेजला. वैजंतानं मला पाणी दिलं, हौसाबाईंचं शेवटचं दुखणं सांगितलं, आणि मग आतल्या खोलीत घेऊन गेली. कणगीमागून तिनं चिनी मातीची बरणी पुढे ओढली. तोंडाला त्या खांग्याचा तुकडा बांधला होता.

“हे ठावं हाय न्हवं तुमास्नी?” तिनं विचारलं.

अशिलाचं गुपित अशील गेलं तरी गुपितच. मी नाही म्हटलं.

“खोटं नका बोलू, ताई. मी बाजारातनं आले, तवापास्नं तुमी माज्या तोंडाकडं सारखं बघत हुता.”

मी विचारलं, तुला केव्हापासून माहीत?

“पयल्यापास्नं,” ती म्हणाली. “तूप घरात मीच कढवत हुते की.”

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. घरात तूप किती निघतं आणि कुणाच्या भाकरीवर किती पडतं, हे ते कढवणारीला कळायचं नाही तर कुणाला? म्हातारीनं भटजीला काय विचारलं, तेही वैजंतानं पुढे भटणीकडून काढून घेतलं होतं. नवी नवरी झाल्यावरही ती मुकाट्यानं तूप कढवत राहिली, आणि सासूचं लक्ष नसेल तेव्हा स्वतःच्या वाटणीचंही त्या बरणीत घालत राहिली.

“मग त्या दिवशी कोर्टात का नाही बोललीस?”

“हुबी ऱ्हानार हुते. बाकाला हात बी लावला.” तिनं बरणीवरची धूळ पदरानं पुसली. “पर वाटलं, म्हातारीनं एवढ्या लोकांत पोटचा पोरगा मारला, ते कुणासाठी? माज्यासाठी. मी खोटं हाय म्हणाले आसते, तर तिच्या हातात काय ऱ्हायलं आसतं? आन मंग मला बी इचारलं आसतं, तू बघत हुतीस का वाट. मी काय सांगणार हुते, ताई? घरात ही दोघं.”

मी तिचा हात धरला. ती रडली नाही, मीच रडले.

“दोघींचं मिळून सुदिक एवढं भरायला नगं हुतं,” ती बरणी मागे सरकवत म्हणाली. “माज्या अंदाजाच्या आदीच भरायची. म्हणायचे, म्हातारीचा हात मोठा. आता म्हातारी बी गेली, तरी...” ती तिथेच थांबली आणि उठून भाकऱ्या करायला गेली.

धोंडीराम शेतावरून आला. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. हातपाय धुऊन माझ्याशेजारी जेवायला बसला. आईसाठी एवढं केलंत, म्हणाला, आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. वैजंतानं माझ्या भाकरीवर तूप घातलं, म्हशीचं, ताजं, रवाळ. मग चमचा घेऊन ती त्याच्या ताटाकडे वळली. त्यानं भाकरीवर हात आडवा धरला.

“मला नगं,” तो म्हणाला. “सोसत न्हाई मला.”

वैजंता चमचा घेऊन तशीच उभी राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, त्याच्याकडेही नाही. थोड्या वेळानं चमचा वाटीत ठेवला आणि आत गेली. भाऊ परत आला असता तर आपली बायको नव्यानं त्या भावाची होणार होती, हे या माणसाला ठाऊक नसणार असं मी कसं समजू? या घरात तिघंही वाट पाहत होती, एकमेकांना कळू न देता. आणि हे कुटुंब वाट पाहत नव्हतं, असा शिक्कामोर्तब झालेला निकाल माझ्या अरुशाच्या कपाटात होता.

धोंडीराम कोरडी भाकरी आमटीत कुस्करत होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यानं विचारलं, “तिकडं म्हशी न्हाईत म्हणं?”

“रानात आहेत,” मी म्हटलं, आणि पुढचं गिळलं.